नऊशे नव्व्याण्णवच्या पुढं

"म्हंजे माह्या धुरानं तुमची मशीन हारली म्हना की ताई."

हे वाक्य दोन महिने झाले, डोक्यातून जात नाही. बोलणारी हसत बोलली होती, मीही हसले होते, रोट्या बांधून द्यायला उभा असलेला पोरगा तर पोट धरून हसला होता. गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

झालं असं, की भावाकडे पुण्याचे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांना सावजी रस्सा वाढायचा तर सोबत लंबी रोटीच हवी, असा आमच्या वहिनीचा दंडक. रोट्या आणायचं काम माझ्याकडे आलं. शहराच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली चार-पाच जणी ओळीनं बसतात. प्रत्येकीपुढं चूल आणि चुलीवर पालथा घातलेला मातीचा माठ. परातीत सैल, जवळजवळ ओघळणारी कणीक. ती आपटून आपटून आणि ओढून ओढून अशी लवचीक केलेली असते की मूठभर गोळा दोन्ही हातांवर झुलवत नेला की कोपरापर्यंत लांबतो, आणि ओला पदर झटकावा तसा माठावर जाऊन पडतो. बघता बघता त्यावर फुगे येतात, तपकिरी ठिपके उमटतात आणि मग तो वास. भाजल्या गव्हाचा, तापल्या मातीचा, लाकडाचा. माझ्यासारखीला तो वास आला की आपण उभ्या आहोत ती जागा गटाराच्या काठावर आहे हेही विसरायला होतं.

पर्समध्ये भाच्यानं दिलेलं यंत्र होतं. तो हवेवर पीएचडी करतो. दिवाळीला आला तेव्हा साबणाच्या डबीएवढी ही वस्तू माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आत्या, तू शाळेत प्रदूषणाचा धडा शिकवतेस ना, आता जरा मोजून पण बघ." आत एक इवलासा पंखा आहे, तो हवा ओढतो. त्या हवेतून लेझरचा किरण जातो. कौलाच्या फटीतून कवडसा पडला की त्यात एरवी न दिसणारी धूळ नाचताना दिसते, तसंच हे. कणांवरून प्रकाश जितका विखुरतो तितका आकडा वाढतो. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे, घनमीटरभर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत याचा अंदाज पडद्यावर उमटतो. अंदाजच. धुकं असलं तर पाण्याच्या थेंबांनाही ते धूळ समजतं. "याच्यावर कोर्टात साक्ष देऊ नकोस," असं भाच्यानं बजावलेलं आहे.

नवी वस्तू हातात आली की माणूस पोरासारखा वागतो. पहिले पंधरा दिवस मी घरभर मोजत सुटले. मोहरी-मिरचीच्या फोडणीला एकशे ऐंशी. देवघरात उदबत्तीपाशी तीनशेच्या वर, त्या दिवशी सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते यंत्र देवासमोरून मुकाट्यानं उचललं. डिसेंबरातल्या सकाळी गच्चीवर, नाक गारठून गेलेलं असताना, एकशे वीस. नागपूरचा हिवाळा आम्हाला फार लाडका. मे महिन्यातली भट्टी सोसल्याचं ते बक्षीसच असतं. पण थंड जड हवा जमिनीला चिकटून बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. चौकीदारांच्या शेकोट्या, झाडून जाळलेली पानं, बसगाड्यांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली कोंडून राहतं, ऊन चढेपर्यंत. आम्ही त्याला धुकं म्हणतो आणि फोटो काढतो.

तर त्या दिवशी रोट्या होईस्तोवर वेळ जावा म्हणून मी यंत्र काढलं आणि चुलीच्या दिशेनं हात लांब केला. आकडे भराभर चढले. चारशे, सातशे, मग नऊशे नव्व्याण्णव, आणि तिथंच थांबले.

"काय हाय जी ते?"

"हवा मोजायचं यंत्र आहे, मावशी. धूर किती आहे ते सांगतं."

"मंग काय सांगते?"

"नऊशे नव्व्याण्णव."

"आन् त्याच्यापुढं?"

"पुढं त्याला मोजता येत नाही. तीनच आकडे मावतात त्यात."

त्यावर ती ते वाक्य बोलली. डोळे पुसत, पदराच्या टोकानं, आणि ते हसण्यानं आलेलं पाणी होतं की धुरानं, ते मला कळलं नाही. मी यंत्र पर्समध्ये कोंबलं, रोट्या घेतल्या, घरी आले. पाहुण्यांनी बोटं चाटली. मीही चार रोट्या खाल्ल्या, खोटं कशाला सांगू.

रात्री भाच्याला फोन करून सांगितलं, तर तो आधी वैतागला. क्षणभराचा आकडा आणि दिवसभराची सरासरी यांची तुलना करायची नसते, म्हणाला. आपल्याकडे बारीक कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची रेघ आणखी खाली ओढली, दिवसाला १५ आणि वर्षाला ५. "ती बाई दिवसातले किती तास बसते चुलीपुढं?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. यंत्र दाखवायचं तेवढं सुचलं.

मला त्या रात्री आजी आठवत राहिली. काटोलजवळचं आमचं गाव, कापूस आणि संत्र्यांचं. सैपाकघराला एकच खिडकी, तीही हाताच्या पंज्याएवढी, आणि छताच्या वाशांवर काजळीचा असा लेप की बोट लावलं तर बोट चिकटायचं. चुलीत काय जाईल ते ऋतूवर ठरायचं. उन्हाळ्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, त्या तडतडत पेटायच्या आणि लवकर विझायच्या. संत्र्याच्या छाटलेल्या फांद्या असल्या तर आजीला आनंद, कारण त्यांचा विस्तव टिकायचा. पावसाळ्यात गोवऱ्या, आणि त्या कितीही झाकल्या तरी ओल धरायच्याच. ओल्या गोवरीचा धूर पांढरा, दाट, घशाला कात्रीसारखा लागणारा. आजी फुंकणी घेऊन वाकायची, गाल फुगवून फुंकायची आणि प्रत्येक फुंकेनंतर मान वळवून श्वास आत घ्यायची. ती मान वळवणं मला अगदी स्पष्ट आठवतं. पाण्यात पोहणारा माणूस श्वासापुरतं तोंड बाहेर काढतो ना, तसं.

आम्ही नातवंडं दारातून आत डोकावलो की ती म्हणायची, "पोरी, उभी नोको राहू, खाली बस. धूर वरतून जाते." आणि खरंच, जमिनीवर बसलं की डोक्याच्या वर धुराचा एक पडदा तरंगताना दिसायचा, त्याच्या खाली थोडी बरी हवा. गरम धूर वर चढतो आणि छताखाली साचत साचत खाली उतरू लागतो, हे मी आता आठवीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून समजावते. आजीला आकृती लागली नव्हती. तिचं सगळं सैपाकघरच जमिनीलगत मांडलेलं होतं, पाटा, विळी, पिठाचा डबा, सगळं हाताशी. पुढं कधीतरी कुणीतरी येऊन एक निर्धूर चूलही बसवून दिली होती, दोन तोंडांची, मागं सिमेंटचं नळकांडं असलेली. दोन वर्षांत नळकांडं काजळीनं बुजलं, मग त्यात चिमण्यांनी घरटं केलं. घरटं मोडायला आजी तयार नव्हती. बाजूला जुनी चूल पुन्हा पेटली.

ती खोकायची. पण खोकणं हे आजींचं कामच असतं असं आम्हाला वाटायचं.

शेवटी शेवटी तिला जिना चढवेना, तेव्हा बाबांनी नागपुरात आणलं आणि धंतोलीतल्या एका डॉक्टरांना दाखवलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सोबत गेले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि बाबांना विचारलं, "या बिडी ओढायच्या का?" बाबांचा चेहरा उतरला. आमच्याकडे बायका बिडी ओढत नाहीत, असं ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. डॉक्टर समजुतीच्या सुरात, "तसं नाही हो, विचारावं लागतं," म्हणाले आणि औषधं लिहून दिली. आजीला ऐकू कमी यायचं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणले डाक्टर? बाबा म्हणाले, काही नाही, दमा म्हणतात. रिक्षात पूर्ण रस्ताभर बाबा गप्प होते. त्यांना तो अपमान वाटला होता आणि मलाही. पुढं कित्येक वर्षं घरात तो किस्सा सांगितला जायचा, "आईला बिडीचं विचारलं," असा.

तो प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. फोटोत डॉक्टरांना बिडीचं फुप्फुस दिसत होतं.

कर्क स्मिथ हे नाव मी भाच्याच्या तोंडून ऐकलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे प्राध्यापक, २०२० च्या जूनमध्ये गेले. ऊर्जेचे धोके हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या काळात हवेचं प्रदूषण म्हटलं की शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर कारखान्याचं धुराडं आणि मोटारींचा धूर यायचा, म्हणजे शहर यायचं. खेडं म्हणजे शुद्ध हवा. आपल्याकडेही तेच. "हवापालट करायला गावी जा," हे वाक्य मी अजूनही ऐकते. स्मिथ १९८१ मध्ये गुजरातेतल्या खेड्यांत गेले आणि त्यांनी मोजायचं यंत्र गच्चीवर किंवा चौकात न लावता सैपाक करणाऱ्या बायकांच्याच अंगावर लावलं, श्वासाच्या जागेजवळ. चार गावं. १९८३ मध्ये निष्कर्ष छापून आले. चूल चालू असताना त्या बायकांच्या वाट्याला येणाऱ्या हवेत, लहानमोठी सगळी धूळ-काजळी धरून, घनमीटरला सरासरी जवळजवळ ७ मिलिग्रॅम कण निघाले. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करायचे तर सात हजार. माझ्या तीन आकडी डबीनं तिथं केव्हाच हात टेकले असते. त्याच हवेत बेन्झोपायरीन हे कर्करोगाशी नातं असलेलं द्रव्यही भरपूर सापडलं, जे सिगारेटच्या धुरात असतं. पुढं त्यांनी केलेली एक तुलना जगभर गेली: घरात उघडी चूल पेटवणं म्हणजे तासाला ४०० सिगारेटी जाळण्यासारखं आहे. ओढण्यासारखं म्हणालेले नाहीत, जाळण्यासारखं. पण पंज्याएवढ्या खिडकीच्या खोलीत या दोन क्रियापदांत कितीसं अंतर उरतं?

बाबा आता नाहीत. असते तर त्यांना हे सांगितलं असतं का, मला नक्की माहीत नाही.

स्मिथांची आणखी एक गोष्ट मला वर्गात शिकवायला आवडते, पुस्तकात नसली तरी. किती धूर निघाला याला त्यांच्या लेखी एकट्यानं अर्थ नव्हता. निघालेल्यातला किती कुणाच्या छातीत गेला, हा त्यांचा प्रश्न. उंच धुराड्यातून सुटलेला धूर दूरवर पसरतो, पातळ होतो, त्यातला अगदी कणभर भाग माणसांच्या फुप्फुसात पोचतो. घराच्या आत सुटलेला धूर मात्र माणसाच्या नाकासमोरच सुटतो. तो छातीत जाण्याची शक्यता बाहेर सुटलेल्यापेक्षा साधारण हजार पट, असा त्यांचा ठोकताळा होता. मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग कोराडीचं काही नाही ना?" त्याचे वडील कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कामाला. नवरात्रात जगदंबेला गेलं की मागं ती धुराडी दिसतात, पांढरा लोट सरळ वर जाताना, आणि त्या गर्दीत, कापराच्या नि नारळाच्या वासात, कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. मी त्याला म्हटलं, एका भट्टीत किती कोळसा जळतो त्याचा हिशेब कर, मग त्या पातळ झालेल्या कणभराला गुण, आणि मग कोराडी-खापरखेड्याच्या आसपासची गावं मोज. तो गुणाकार करत बसला. त्याचं उत्तर काय आलं ते मी पाहिलं नाही, तास संपला. त्याच्या वडिलांच्या नोकरीवर मी बोट ठेवलं की काय, असं मात्र दिवसभर वाटत राहिलं.

वर्धा रोडवरून रोज जाते, वाटेत नीरी लागते, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. आम्हा नागपूरकरांना नीरी म्हणजे झाडीतला एक शांत कॅम्पस आणि बसथांबा. १९५८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा नाव वेगळं होतं, सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट. पिण्याचं पाणी, सांडपाणी, त्यातून पसरणारे रोग हा तिचा उद्योग. १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी नवं नाव दिलं, त्यात पर्यावरण आलं. पाटीवरून 'पब्लिक हेल्थ' हे शब्द गेले. नावं बदलतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, आणि पर्यावरण हा शब्द मोठाच आहे. तरी मला कधीकधी वाटतं, मोठ्या शब्दात माणूस दिसेनासा होतो. पर्यावरण म्हटलं की झाड, नदी, वाघ असं चित्र येतं. लोकांचं आरोग्य म्हटलं की निदान एखादी खोकणारी बाई तरी डोळ्यांपुढं येते. अर्थात हा माझा मास्तरीण असण्याचा दोष, मी शब्दांवर अडते. याच नीरीनं एक सुधारित चूलही तयार केली आहे, लाकूड, गोवरी काहीही चालणारी, नाव ठेवलं 'नीरधूर'. ज्या कुणाला हे नाव सुचलं त्याला मी मनोमन दाद देते.

शहराची हवा मोजणारी सरकारी यंत्रं चांगली असतात, माझ्या डबीसारखी भोळी नसतात. २०१९ मध्ये देशभरातल्या ज्या शहरांची हवा सुधारायची असं ठरलं त्या यादीत आपलं नागपूर आहे. सकाळी मोबाइलवर शहराचा आकडा येतो, कधी हिरवा, कधी पिवळा, हिवाळ्यात नारिंगी. संत्रानगरी म्हणून नारिंगी आम्हाला शोभतो, असा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये दर जानेवारीत होतो. पण ही यंत्रं बसवतात तीच मुळी आडोसा नसलेल्या जागी, एखाद्या इमारतीच्या माथ्यावर वगैरे, कुठल्याही एका चुलीचा किंवा गाडीचा धूर थेट त्यात जाऊ नये म्हणून. ते बरोबरच आहे, शहराचं मोजायचं तर तसंच मोजायला हवं. फक्त त्या माथ्यावर श्वास घेणारं कुणी राहत नाही. भांडेवाडीच्या कचऱ्याला उन्हाळ्यात आग लागते तेव्हा तिथल्या घरांतलं पोर जे ओढतं, किंवा माठापुढं बसलेली बाई जे ओढते, ते त्या नारिंगीत विरघळून गेलेलं असतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालात मारबत निघते. बाहेरच्यांना हे समजावणं कठीण. मारबत म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा बाईच्या रूपातला पुतळा. पिवळी मारबत, काळी मारबत, सोबत बडगे, म्हणजे तसेच पुरुषी पुतळे, ढोल, आणि हजारो घशांतून एकच आरोळी: ईडा-पीडा, रोगराई, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत! लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मीही ओरडायचे. पुढं डॉक्टरांना दाखवलं त्या वर्षी आजी आमच्याकडेच होती, औषधं चालू होती, आणि मी मारबत बघायला गेले होते. घरी परतल्यावर तिनं विचारलं, माह्या खोकल्याचं सांगितलं का मारबतीले? मी म्हटलं, हो, सांगितलं. सांगितलं नव्हतं. मी ढोल बघण्यात गुंग होते. मिरवणूक संपली की मारबतीला जाळतात, म्हणजे गावाचा सगळा खोकला शेवटी धूर होऊन गावावरच पसरतो. हे सुचलं तेव्हा मी एकटीच हसले, आणि सासूबाईंना सांगायचा मोह टाळला.

चूल गेली की खोकला जाईल, एवढं सरळ गणित मला हवं होतं. भाच्यानं तेही बिघडवलं. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात स्मिथांनी ५३४ घरांत प्रयोग केला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडून निम्म्या घरांना धुराडं असलेल्या चुली दिल्या. मुलांच्या वाट्याला येणारा धूर निम्म्यावर आला. तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियातली घट, २०११ मध्ये निकाल छापला तेव्हा, खात्रीनं सांगता येण्याइतकी निघाली नाही. पुढं आणखी मोठा प्रयोग झाला, तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा. ३,२०० गरोदर बाया, निम्म्यांना गॅस फुकट. चुलीवाल्यांच्या श्वासातले बारीक कण ७० च्या आसपास राहिले, गॅसवाल्यांच्या श्वासातले २४ च्या आसपास आले. आणि बाळांचं वजन? दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. २०२२ मध्ये हे छापून आलं. मी भाच्याला म्हटलं, मग एवढा आटापिटा कशाला? तो म्हणाला, "आत्या, आई स्वतः लहानपणापासून धुरात वाढलेली, घराबाहेर शेजाऱ्यांची चूल, नऊ महिन्यांत किती धुवून निघणार? शिवाय आपल्या मनासारखं उत्तर आलं नाही तरी छापायचं असतं." मला ते आवडलं आणि आवडलंही नाही. आजीच्या छातीच्या फोटोला काहीतरी पक्कं उत्तर हवं होतं.

तिलाही गॅस आला होता म्हणा, शेवटच्या वर्षांत. चहा आणि दूध गॅसवर. भाकर मात्र चुलीवर, आणि आंघोळीचं पाणीही. गॅसची भाकर अंगी लागत नाही म्हणायची. आणि आम्ही सगळे, शहरातून गेलेले, तिच्या चुलीवरच्या भाकरीची तारीफ करायचो. "आजी, चव ती चव!" पोटभर खाऊन बसमध्ये बसायचो. आमची ती तारीफ किती गोवऱ्यांची होती, कुणास ठाऊक.

परवा पुन्हा रोट्यांना गेले. पाहुणे नव्हते, कारण मीच काढलं. लांबूनच ती ओरडली, "आनली का मशीन?" आणली होती. या वेळी मी आधी विचारलं, किती तास बसता? सकाळी नऊला बसते, म्हणाली, दुपारी जरा पाठ टेकते, मंग रात्री दहापर्यंत. ऐतवारी अकरा. घरी गॅस नाही का? "हाय ना. घरचा सैपाक गॅसवरच. धंदा चुलीवर." मग धंदाही गॅसवर का नाही? तिनं हातातला गोळा थांबवला. "करून पाह्यलं जी. गिऱ्हाईक म्हनते, मावशी, वास नाही येऊन राह्यला."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

"द्या इकडं," म्हणून तिनं पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि यंत्र घेतलं, स्वतःच्या तोंडासमोर धरलं. बसल्या जागी. नऊशे नव्व्याण्णव. तिनं मान डोलावली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी. मग यंत्र माझ्या हातात परत दिलं. "आता तुमी उभ्या हा तिथं पाहा." मी दोन पावलं मागं, रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथं होते. वारा माझ्या पाठीकडून होता. पंख्याला स्थिरावायला अर्धं मिनिट लागलं.

"एकशे दहा," मी म्हटलं.

"म्हनूनच तुमाले चव लागते," ती म्हणाली. कुठलाही टोमणा नव्हता त्यात. तिनं हिशेब केला होता फक्त.

मागं कडुनिंबाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी बांधलेली होती, त्यात नात निजलेली. तिनं हनुवटीनं तिकडं खूण केली. "पोट्टीपाशी धरून पाहा बरं जरा." मी गेले, झोळीच्या काठाशी यंत्र धरलं. पोरीच्या ओठांवर दुधाची रेघ सुकलेली होती. आकडा खालीवर होत राहिला, दोनशे, एकशे साठ, दोनशे चाळीस.

"जास्त हाय का?"

"आहे."

ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. एक माठ तसाच तापत ठेवला. झोळीची गाठ सोडली, निजलेल्या पोरीसकट ती पलीकडच्या फांदीला नेऊन बांधली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिथं धरलं. नव्वद.

"सांजच्याले वारा इकडून येते," ती म्हणाली, "तवा पुन्हा हलवीन." मग परत येऊन बसली, फुंकणी उचलली, मान वळवून श्वास घेतला आणि विस्तवावर फुंकर घातली.

"किती देऊ ताई, दहा?"